वारंवार तुंबणारी ड्रेनेज लाईन: आधी वेळ लिहा, मग खपच्चीवाल्याला बोलवा

नहाणीत पाणी उलटं वर आलं की इंदुरातल्या बहुतेक घरांत पुढचा क्रम ठरलेला असतो. कोणीतरी ॲसिडची बाटली रिकामी करतं. ती वाया गेली की खपच्चीवाला येतो, मागचं चेंबर उघडून बांबूची लांब पट्टी, म्हणजे खपच्ची, घालतो, आत काहीतरी सुटतं, पाणी गडगडत निघून जातं आणि सगळे हुश्श करतात. महिन्याभरानं पुन्हा तेच. तुमच्याकडे हे वर्षा-दोन वर्षांतून एखादवेळी होत असेल तर खपच्ची पुरे आहे, पुढचं वाचलं नाही तरी चालेल. पण खपच्चीवाल्याचा नंबर तोंडपाठ झाला असेल तर जरा थांबा. त्याला पैसे मिळतात ते चोक काढायचे. चोक दर वेळी तिथेच का बसतो हे शोधायचे पैसे त्याला कोणी देत नाही, म्हणून तो शोधतही नाही.

शोधायला दोन गोष्टी लागतात: पाणी केव्हा वर आलं आणि खपच्ची किती फुटांवर जाऊन अडली. कॅलेंडरवर दूधवाल्याचे खाडे जिथे लिहिता तिथेच हेही लिहीत जा. तीन-चार नोंदी झाल्या की बहुतेक वेळा कारण आपोआप दिसायला लागतं.

पाणी आत्ता वर आलेलं असेल तर

घरातला प्रत्येक नळ बंद करा, आणि त्यात वरच्या मजल्यावरचे भाडेकरूही धरा. त्यांनी वर एक बादली ओतली की ती खाली तुमच्या नहाणीत निघते, कारण तुंबलेल्या पाइपला सगळ्यात खालचं उघडं तोंड तेच सापडतं. वॉशिंग मशीन मध्येच थांबवा, आरओचं वाया जाणारं पाणी बादलीत घ्या, गच्चीवरची टाकी भरून वाहत नाहीये ना ते बघा. जमिनीलगतच्या बोर्डांची वीज मेनमधून बंद करा. मेन स्विचपर्यंत जायला पाण्यातून जावं लागत असेल तर जाऊ नका, वीजवाल्याला बोलवा. पाणी चढतच असेल तर जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत वाळू भरून ती नहाणी ट्रॅपच्या (वास अडवायला पाणी धरून ठेवणाऱ्या वळणाच्या) जाळीवर दाबून ठेवा. पाणी पूर्ण थांबणार नाही, पण सामान उचलायला वेळ मिळतो.

ॲसिड ओतू नका. ते चोकपर्यंत पोचतच नाही, साठलेल्या पाण्यात पातळ होऊन वरच राहतं. मग चेंबर उघडणाऱ्याच्या अंगावर उडतं ते हेच पाणी. आधी कॉस्टिक सोडा आणि त्यानं भागलं नाही म्हणून वरून ॲसिड, हा प्रकार तर फारच वाईट. दोन्ही भेटले की पाणी तापून उसळतं. ॲसिडवर ब्लीचिंगचं पाणी पडलं तर क्लोरीन वायू सुटतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.

वेळ काय सांगते

दुपारचे तीन वाजलेत किंवा पहाटेचे चार, घरात कोणी पाणी वापरत नाही, आणि तरी पाणी चढतंय? मग ते पाणी तुमचं नाही. फक्त एवढी खात्री करा की एखादा फ्लश झिरपत नाहीये आणि वरच्यांचं मशीन चालू नाही. तसं काही नसेल तर पुढची मोठी लाईन तुंबली आहे आणि गल्लीचं पाणी सगळ्यात खोलगट घरातून वाट काढतंय. अशा वेळी स्वतःच्या लाईनवर एक रुपयाही घालवू नका. ते काम निगमचं, म्हणजे महापालिकेचं.

सकाळी सात ते नऊ पाणी वर येतं, उरलेला दिवस सगळं ठीक, असं असेल तर लाईन बंद झालेली नाही, अरुंद झाली आहे. थोडं थोडं पाणी जाईल एवढी वाट शिल्लक आहे; आंघोळी, कपडे आणि भांडी एकदम आली की ती पुरत नाही. सगळ्यात फसवा प्रकार हाच. मिस्त्री अकरा वाजता येतो तोवर पाणी उतरलेलं असतं. तो दोन बादल्या ओतून बघतो, "सब ठीक है भैया" म्हणतो आणि निघून जातो. त्याला सकाळीच बोलवा, किंवा तो आला की वरचे-खालचे सगळे नळ आणि फ्लश एकाच वेळी सोडून दाखवा.

फक्त ओट्याचं सिंक तुंबत असेल आणि नहाणी, संडास व्यवस्थित असतील, तर हा ड्रेनेजचा प्रश्नच नाही. सिंकखालचा ट्रॅप उघडा, साफ करा, झालं.

वरच्या मजल्यावर फ्लश केला की खालच्या नहाणीत गुडगुड आवाज येतो, त्याचे अर्थ दोन. एक तर पुढे अर्धवट चोक आहे आणि पाण्यापुढे ढकललेली हवा तुमच्या ट्रॅपमधून बाहेर पडते आहे. नाहीतर व्हेंट पाइप बंद आहे. गच्चीच्या वर गेलेला, डोक्यावर जाळीची टोपी असलेला तो पाइप म्हणजे लाईनचं नाक. वर खोली चढवताना मिस्त्री तो बिनदिक्कत कापतात, कारण त्यातून "काहीच येत नाही". मग लाईनला हवा मिळत नाही, ट्रॅपमधलं दोन इंच पाणी ओढलं जातं आणि घरभर वास सुटतो. वास येतो पण पाणी तुंबत नाही अशी तक्रार असेल तर आधी गच्चीवर जाऊन हा पाइप बघा. पाहुण्यांच्या बंद बाथरूममधून वास येत असेल तर त्याहून सोपं: तिथल्या ट्रॅपमधलं पाणी सुकलंय, दोन तांबे ओता.

चेंबर उघडून बघणं

घरापासून गल्लीतल्या लाईनपर्यंत दोन-तीन चेंबर असतात. एकेकाचं झाकण काढा, वास उडून जाऊ द्या, आत वाकू नका, लांबूनच टॉर्च मारा. भरलेलं चेंबर आणि त्याच्या पुढचं पहिलं रिकामं चेंबर, या दोघांच्या मध्ये चोक आहे. सगळी रिकामी असून घरात पाणी तुंबलं असेल तर चोक घर आणि पहिल्या चेंबरच्या मध्ये. सगळी भरलेली असतील तर तो तुमच्या हद्दीच्या पुढे. या पाच मिनिटांच्या तपासणीत कोणाला बोलवायचं ते ठरतं, आणि तरीही बहुतेक जण ती वगळतात, कारण झाकणच सापडत नाही.

झाकण न सापडण्याची गोष्ट इंदुरात जास्त आहे. जुन्या वसाहतींत घरांची पाठ घरांना लागलेली आणि मधून बॅकलेन. ड्रेनेजची लाईन त्या बॅकलेनमधून जाते. वर्षानुवर्षं लोकांनी मागची भिंत पुढे सरकवली, तिथे स्वयंपाकघर नाहीतर संडास काढला आणि चेंबर फरशीखाली गेलं. आमच्या नात्यातल्या एका घरात चेंबर नेमकं गॅसच्या ओट्याखाली निघालं. तोवर तिथे दर पावसाळ्याआधी दोन खोल्यांमधून खपच्ची सारली जात होती. जागा माहीत नसेल तर पहिल्या चेंबरमधून स्प्रिंग मशीन (पाइपमध्ये सरकणारी लांब लवचिक तार) पुढे घालून फूट मोजा आणि तेवढंच अंतर वर जमिनीवर मोजा, किंवा कॅमेरावाल्याला बोलवा. पाइपमध्ये कॅमेरा सोडून दाखवणारे आता मिळतात. त्यांचा खर्च खपच्चीपेक्षा जास्त असतो, पण एकदाच करायचा असतो. बुजलेलं चेंबर सापडलं की त्यावर फरशी घालू नका, उघडता येईल असं झाकण घाला, मग दिसायला कसंही दिसो.

एकाच फुटावर पुन्हा पुन्हा

खपच्ची किंवा स्प्रिंग अडली की "किती फुटांवर लागलं?" हे विचारायचंच. दोन वेळा आकडा वेगळा आला तर पाइपमध्ये जे जातंय ते चुकतंय: सॅनिटरी पॅड, लहान मुलांचे डायपर, ओले टिश्यू, भांडी घासायची राख, तेल-तूप. गरम असताना तूप पाण्यासारखं वाहतं आणि थंड पाइपच्या भिंतीला जाऊन चिकटतं, म्हणून हा चोक थंडीत वाढतो. तेलकट भांडी आधी कागदानं पुसून मग धुणं हा उपाय ऐकायला किरकोळ आहे, पण मला तरी त्याहून चांगला माहीत नाही. घरात फरशीचं काम झालं असेल तर गवंड्यानं व्हाइट सिमेंटचं घमेलं कुठे धुतलं ते विचारा. नहाणीत धुतलं असेल तर ते ट्रॅपच्या वळणात घट्ट बसलेलं असतं आणि तिथे खपच्ची काही करू शकत नाही.

आकडा दोन्ही वेळा तोच आला, समजा बावीस फूट, तर दोष पाइपमध्ये आहे, आणि तो खपच्चीनं जन्मात जाणार नाही.

माळव्याच्या काळ्या मातीत हा दोष फार वेळा निघतो. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हातभर खोल भेगा पडतात. तिच्यात नुसताच पुरलेला पाइप दर वर्षी वर-खाली होतो. काही वर्षांत मधला भाग खाली बसतो आणि जुन्या बाजेसारखा झोळ पडतो. त्या झोळात पाणी कायम साठतं, त्याच्या तळाशी गाळ बसतो आणि गाळावर चरबी. दर वेळी जेटिंग केलं, म्हणजे जोराच्या पाण्यानं पाइप धुतला, तरी झोळ तिथेच असतो. सिमेंटच्या सांध्यांच्या जुन्या चिनीमातीच्या पाइपांत याच हालचालीनं सांधे उघडतात आणि ओलाव्याच्या वासानं मुळं आत शिरतात. पिंपळाचं रोप भिंतीत दिसत असेल तर त्याचं मूळ कुठवर गेलंय याचा विचार करा. पाइपमधली मुळं कापून काही महिने मिळतात. सांधा तसाच राहिला तर ती परत येतात.

यावर इलाज एकच, तेवढा तुकडा खणून नवा टाकणे. आख्खी लाईन बदलायची गरज सहसा नसते, आणि कोणी आख्ख्या लाईनचाच अंदाज देत असेल तर फूट मोजल्याची वही त्याच्यापुढे ठेवा. खणताना तीन गोष्टींवर उभं राहून नजर ठेवा. काळी माती पाइपखालून काढून तिथे वाळू किंवा बारीक मुरूम घालायचा, आणि पाइपच्या बाजूंनाही तोच. निघालेली माती परत ढकलायची नाही. उतार दोरीनं किंवा लेव्हलच्या नळीनं बघायचा. चार इंची पाइपाला चाळीस फुटांत एक फूट हा मिस्त्रींचा जुना हिशेब आजही चालतो. आणि वळण काटकोनात घ्यायचं नाही. जिथे दिशा बदलते तिथे चेंबर, जमत नसेल तर निदान पंचेचाळीस अंशांचे दोन बेंड आणि साफ करायला झाकणाचं तोंड.

पावसातच होत असेल तर

कान्ह आणि सरस्वती या नद्यांत आणि नाल्यांत घरांचे पाइप थेट पडत होते ते बंद करून सीवर लाईनला जोडण्यात आले, आणि २०२१ मध्ये इंदूर वॉटर प्लस (सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय नदी-नाल्यात न सोडणारं) ठरलेलं देशातलं पहिलं शहर झालं. हे काम चांगलंच झालं. फक्त नाल्याकाठच्या जुन्या घरांना एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते: नाला सगळं गिळत होता, पाइप गिळत नाही. मागच्या पाइपात सांडपाण्याबरोबर गच्चीचं पावसाचं पाणीही सोडलेलं असेल तर ते आता सीवरमध्ये जातंय.

थोडा हिशेब करू. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर तासाभरात एक इंच पाऊस पडला तर सुमारे २,३६० लिटर पाणी होतं. शहरी पाणीपुरवठ्याच्या आखणीत माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात. म्हणजे पाच माणसांच्या घराचं तीन दिवसांचं पाणी एका तासात त्याच चार इंची पाइपातून ढकलायचं. शेजारच्या दहा घरांनी तेच केलं की सगळ्यात खाली असलेल्या घराच्या नहाणीत कारंजं. म्हणून गच्चीचा पाइप चेंबरमधून काढून रिचार्ज पिटमध्ये (पाणी जमिनीत मुरवायच्या खड्ड्यात) किंवा रस्त्याच्या पावसाळी नालीत सोडा. अंगणातली जाळीही चेंबरला जोडलेली असते, तीही तपासा. हे काम शेजाऱ्यांनीही केल्याशिवाय पूर्ण उपयोग नाही, तेव्हा गोड बोलून त्यांनाही पटवावं लागतं.

दुसरं कारण रस्ता. सिमेंटचा रस्ता झाला की गल्ली वर जाते आणि जुनं घर खाली राहतं. रस्त्यावरच्या मेनहोलचं झाकण तुमच्या नहाणीच्या जाळीपेक्षा उंच असेल तर मेन लाईन भरल्यावर पाणी मेनहोलमधून बाहेर पडण्याआधी तुमच्या घरात येणार. त्यात कोणाचा हलगर्जीपणा असायलाच हवा असं नाही. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन्हीकडची पातळी मोजून बघा.

अशा घरांना शेवटच्या चेंबरमध्ये फ्लॅपचा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी उलट येऊ न देणारी झडप, बसवावा लागतो. मोटारीच्या पितळी व्हॉल्व्हचा इथे उपयोग नाही. ड्रेनेजसाठीचा, पाइपच्याच मापाचा, वरून झाकण उघडून साफ करता येणारा घ्या. त्याची मर्यादाही समजून घ्या. बाहेरचं पाणी दाबतंय तोवर झडप बंद राहते, आणि तेवढा वेळ तुमचं पाणीही बाहेर जात नाही. वरच्या मजल्याची लाईन त्याच व्हॉल्व्हमागे असेल तर वरच्यांचं पाणी खाली तुंबेल आणि तुम्ही निगमला शिव्या घालत बसाल. म्हणून झडप फक्त तळमजल्याच्या लाईनवर, आणि वरच्या मजल्यांचा पाइप झडपेच्या पुढे जोडायचा. झडपेत प्लॅस्टिकची पिशवी अडकली तर ती उघडीच राहते, तेव्हा पाऊस सुरू व्हायच्या आधी आणि मध्ये एकदा झाकण उघडून हलवून बघा.

तक्रार कशी लिहावी

इंदौर ३११ ॲपवर किंवा झोन ऑफिसात "ड्रेनेज चोक आहे" एवढंच लिहिलं तर गाडी येईल, प्रेशर मारेल, पाणी उतरेल आणि तक्रार बंद होईल. वारंवारच्या त्रासात लिहायचं ते असं: अमुक घरासमोरचं मेनहोल भरलेलं, त्यापुढचं अमुक ठिकाणचं रिकामं, घरात पाणी वापर नसताना पहाटे पातळी वाढते, याआधी अमुक तारखांना जेटिंग झालं. सोबत दोन्ही मेनहोलचे फोटो. आणि मागणी स्पष्ट करायची, मधल्या तुकड्यातला गाळ काढावा आणि कॅमेऱ्यानं तपासावा. दरोग्याला (निगमच्या सफाईवर देखरेख करणाऱ्याला) तारखा असलेली वही दाखवली की बोलणं वेगळ्या सुरात होतं. काहीच हललं नाही तर पार्षद (नगरसेवक) आणि सीएम हेल्पलाईन १८१. तिथून तक्रार बंद करण्याविषयी फोन आला तर पाणी उतरलं म्हणून लगेच "हो" म्हणू नका. पुढची सकाळ जाऊ द्या.

कोणालाही चेंबरमध्ये किंवा मेनहोलमध्ये उतरवू नका, तो स्वतः "हमेशा का काम है" म्हणाला तरी. आतला हायड्रोजन सल्फाइड आधी सडक्या अंड्यासारखा वास देतो, आणि जास्त झाला की नाक बधिर होतं. वास गेला म्हणजे वायू गेला असं वाटतं आणि माणूस तिथेच कोसळतो. त्याला काढायला गेलेला दुसराही जातो. सुरक्षेच्या साधनांशिवाय असं धोक्याचं काम करवून घेण्यावर २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कामाला लावणाऱ्यात घरमालकही येतो. सीवरमधल्या मृत्यूसाठी भरपाईची रक्कम सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये १० लाखांवरून ३० लाख केली. यंत्रानं सफाई हवी असेल तर १४४२० ही हेल्पलाईन आहे.

पाणी उतरल्यावर

रबरी बूट आणि हातमोजे घालून आधी साबणानं घाण काढा, मग ब्लीच. बाजारातलं ब्लीच एक भाग आणि पाणी नऊ भाग, फरशीवर दहा-पंधरा मिनिटं ठेवून धुवून टाका. खिडक्या उघड्या ठेवा. भिजलेली गादी, सतरंजी, प्लायवूडची खालची फळी वाचवायचा मोह आवरा. हातापायाला जखम असेल तर हे काम दुसऱ्याला द्या, आणि नंतर ताप आला किंवा डोळे पिवळे दिसले तर डॉक्टरला सांडपाण्यात काम केल्याचं आवर्जून सांगा.

राहिला हौद. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं म्हणून बहुतेक घरांत जमिनीखाली हौद आहे, आणि पुष्कळ ठिकाणी तो चेंबरपासून चार हातांवर. पाणी वर आलं त्या दिवशी हौदाचं पाणी प्यायचं नाही, कितीही स्वच्छ दिसो. हौद उपसून, घासून, ब्लीचनं धुवून मग भरा, आणि निदान काही दिवस उकळून प्या. पुढेही लक्ष ठेवा: नळ आल्यावर पहिली काही मिनिटंच पाण्याला वास असेल तर बाहेरच्या लाईनमध्ये कुठेतरी सांडपाणी शिरतंय आणि ती तक्रार त्याच दिवशी करायची; नळाचं पाणी चांगलं पण हौदातलं वास मारत असेल तर हौदाची भिंत झिरपते आहे. हौदाचं झाकण जमिनीच्या पातळीत असेल तर गवंडी घरात आहे तोवरच त्याची कड सहा-आठ इंच उचलून घ्या.